ताण पिकाचा, ताण माणसाचा

(जिल्हा मेळाव्यात एका डॉक्टर कार्यकर्त्याने केलेले भाषण)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. वीस मिनिटांत आटपा आणि डॉक्टरी भाषा वापरू नका. पहिली अट पाळतो. दुसरीत चार-दोन शब्दांची सूट द्या. ज्यांची नावे मी घेणार आहे त्या वस्तू तुमच्या-माझ्या अंगात रोज तयार होतात, तेव्हा त्यांची नावे आपल्याला ठाऊक असलेली बरी.

शहरातला माणूस हल्ली उठता-बसता म्हणतो, फार ताण आहे. आपण हा शब्द फार आधीपासून वापरतो आहोत. पावसाने वीस दिवस दडी मारली की आपण म्हणतो, पिकाला ताण बसला. ज्वारीचे बघा. जमिनीतली ओल उतरल्याचे मुळांना कळते आणि तेथून पानांना सांगावा जातो. हा सांगावा एका रसायनाचा असतो, ॲबसिसिक आम्ल त्याचे नाव. तो पोचला की पानांवरची बारीक छिद्रे मिटतात, पान सुरळीसारखे गुंडाळते, वाढ थांबते. ज्वारी वाट पाहात उभी राहते आणि पाऊस आला की पुन्हा चालू लागते. पराटीचा स्वभाव निराळा. तिला ताण बसला की ती अंगावरचे ओझे टाकते. पाते गळतात, लहान बोंडे गळतात. पातेगळ थांबवायला आपण जे संजीवक फवारतो ते असल्याच सांगावे देणाऱ्या रसायनांच्या कुळीतले. शेतीची पुस्तके त्याला संजीवक म्हणतात. माणसाच्या अंगातल्या अशा रसायनाला शाळेचे पुस्तक संप्रेरक म्हणते आणि आम्ही डॉक्टर हार्मोन म्हणतो.

वरुड-मोर्शीकडचे संत्र्याचे बागाईतदार तर झाडाला मुद्दाम ताण देतात. पाणी तोडायचे, पाने मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडायचे. झाड फुलांनी लगडते. पण हलक्या जमिनीत किती दिवस आणि भारी जमिनीत किती, हा हिशोब चुकला तर फांद्या वाळतात आणि पुढे सल काढत बसावे लागते. ताण तोच. वेळेवर सुटला तर बहार, सुटला नाही तर सल. माणसाच्या अंगातही अगदी हेच होते, आणि आज मला एवढेच सांगायचे आहे.

समजा तुम्ही कडब्याची पेंढी उचलली आणि खाली नाग दिसला. ‘साप’ हा शब्द मनात उमटायच्या आत तुम्ही चार हात मागे उडालेले असता. छातीत धडधड, तोंडाला कोरड, अंगावर काटा, तळहाताला घाम. हे सगळे कोणी केले? आपल्या दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या आहेत. वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे मूठभर सरकीपेक्षाही कमी. फळाला जसा गाभा आणि साल असते तशी त्यांची रचना आहे. गाभ्याला मेंदूकडून मज्जातंतूची थेट तार जोडलेली आहे. साप दिसला की त्या तारेवरून खबर जाते आणि गाभा रक्तात ॲड्रिनलीन सोडतो. काही सेकंदांत हृदय जोरात पळू लागते, यकृत साठवलेली साखर बाहेर काढते, पोटातले रक्त हातापायांकडे वळते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. रक्त गोठण्याचा वेगसुद्धा वाढतो, म्हणजे जखम झालीच तर कमी वाहावे. पचन, झोप, लाळ ही सगळी कामे तात्पुरती बंद. गावाला आग लागल्यावर कोणी निंदणाला जात नाही, तसे.

हे रसायन शुद्ध रूपात वेगळे केल्याचे जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी 1901 साली जाहीर केले. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाला मांजरीच्या पोटाची हालचाल क्ष-किरणांनी बघताना दिसले, की मांजर घाबरली की पोट जागच्या जागी थांबते. पुढे 1915 साली त्याने यावर ग्रंथच लिहिला. लढ किंवा पळ, यासाठी शरीराने केलेली ही तयारी आहे, असे त्याचे म्हणणे.

ग्रंथीच्या गाभ्याचे काम झाले. सालीचे काम जरा सावकाश चालते. तिथे हुकूम तीन टप्प्यांनी खाली येतो, सरकारी कचेरीसारखा, फक्त टेबलावर अडकत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला एक भाग पहिला निरोप देतो. त्याच्याखाली लोंबणारी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी तो घेऊन दुसरा निरोप रक्तात सोडते. तो मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या सालीला मिळतो आणि ती कॉर्टिसॉल नावाचे तिसरे रसायन सोडते. वीस-तीस मिनिटांत त्याचा जोर दिसतो. ॲड्रिनलीनने घरातली रोकड काढून दिली, आता लढाई लांबली तर पुढची तजवीज करायची, हे कॉर्टिसॉलचे काम. ते रक्तात साखर टिकवून धरते, गरज पडली तर स्नायू मोडून साखर करते, रोगाशी लढणारी फौज आवरती घेते. आणि त्याची एक मोठी सोय आहे. ते पुरेसे वाढले की स्वतःच मेंदूला जाऊन सांगते, आता पुरे. टाकी भरली की कॉक आपोआप बंद व्हावा तसा हुकूम वरूनच थांबतो.

नाग बिळात गेला, तुम्ही बांधावर बसून पाणी प्यालात, कोणी तरी थट्टा केली, तासाभरात सगळे पूर्ववत. या यंत्राइतके चोख यंत्र माणसाने अजून केलेले नाही.

आता पेंढीखालून नाग निघण्याऐवजी टपालातून बँकेची नोटीस निघाली, असे समजा. ग्रंथीला वाचता येत नाही. नागाची खबर आणि नोटिशीची खबर तिला एकाच तारेवरून मिळते. ती तेवढ्याच इमानाने ॲड्रिनलीन सोडते, साखर काढते, धडधड चालू करते. पण नोटिशीशी काठीने लढता येत नाही आणि तिच्यापासून पळून जायला गाव नाही. नाग घटकाभरात गेला. नोटीस फळीवर पडून आहे. मृगात बियाण्याच्या थैल्या उधारीवर आणल्या, पाऊस पडला, पेरले, पावसाने खंड दिला, दुबार पेरणी आली. मग सोसायटीने थकबाकीदार म्हणून दारात उभे केले नाही, तेव्हा सावकार. मग फवारण्या. 2017 सारखे वर्ष असेल तर बोंडे फोडून बघावीत तर आत गुलाबी अळी. सीतादही करून वेचणीला लागावे तर अवकाळी पाऊस, आणि यार्डात गाडी नेली की ओलाव्याच्या नावाने कापलेला भाव. मृग ते संक्रांत ती ग्रंथी एक दिवस सुटीवर गेलेली नाही. कॉक बंद होण्याची वेळच येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात रात्री एक गृहस्थ आले. चाळिशीचे, सहा एकर कोरडवाहू. छातीत धडधड, हाताला मुंग्या, जीव जातो असे वाटते म्हणाले. हृदयाचा आलेख काढला, निर्दोष होता. ‘काही नाही, मनावर घेऊ नका’ म्हणून मी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि रवाना केले. दिवाळीच्या आधी त्यांची घरधनीण त्यांना घेऊन आली. वजन उतरलेले, रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली. मी विचारले, झोप कशी आहे? म्हणाले, ‘लागते साहेब, पण तीनला उघडते. मग हिशोब सुरू होतो.’ कसला हिशोब हे मी पहिल्या खेपेला विचारले नव्हते. तेव्हाच विचारायला हवे होते.

त्या तीनच्या हिशोबाला शरीरात आधार आहे. कॉर्टिसॉल दिवसभर सारखे नसते. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी, पहाटेकडे चढते आणि उठायच्या वेळी सर्वांत जास्त असते. माणसाला अंथरुणातून उठवून कामाला लावणे हे त्याचे रोजचे काम. ज्याच्या अंगात ताण मुरला आहे त्याची ही चढ-उतार बिघडू शकते, आणि पहाटे चढत्या कॉर्टिसॉलबरोबर विवंचनाही जागी होते. ‘काही नाही’ असे मी म्हणालो होतो. प्रत्यक्षात बरेच काही होते. आलेखात दिसत नव्हते एवढेच.

दीर्घकाळ हे चालले की काय होते ते थोडक्यात सांगतो. रक्तदाब वाढू लागतो. पाठीवरच्या पंपात दिवसभर दाब ठेवला तर नळी कधीतरी उसवते, तसे रक्तवाहिन्यांचे होते. साखर सारखी बाहेर काढल्यामुळे मधुमेहाकडे वाटचाल होते. जखमा लवकर भरत नाहीत, सर्दी-ताप पिच्छा सोडत नाहीत. भूक मरते किंवा नको तेवढी वाढते. बायकांची पाळी पुढे-मागे होते. मायबहिणींना हे वेगळे सांगायला हवे, कारण त्या दवाखान्यात येऊन ‘अंग दुखते’ एवढेच सांगतात. नवऱ्याच्या कर्जाचा ताण, शिवाय चूल, शिवाय निंदण-वेचणी, शिवाय ‘त्यांच्या जिवाचे काही होईल का’ ही धास्ती. चौपट काम करणारी ग्रंथी त्यांची आहे आणि त्यांची तपासणी सर्वांत शेवटी होते.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 साली उंदरांवर प्रयोग करून पाहिले, की थंडी असो, जखम असो की विष असो, कारण कोणतेही असले तरी शरीर एकाच प्रकारे झिजते. त्या झिजणाऱ्या उंदरांत मूत्रपिंडावरच्या या ग्रंथी फुगलेल्या होत्या. आपल्या धंद्याशी थेट जोडलेला पुरावा मात्र अलीकडे केनियातून आला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ग्रामीण भागातल्या गरीब शेतकऱ्यांची आणि नैरोबी शहरातल्या लोखंडाचे काम करणाऱ्या कारागिरांची लाळ तपासून त्यातले कॉर्टिसॉल मोजले आणि उपग्रहावरून पावसाचा हिशोब लावला. पाऊस कमी पडला की दहा ते वीस दिवसांनी कॉर्टिसॉल चढलेले आढळले, आणि कारागिरांपेक्षा शेतकऱ्यांमध्ये जास्त. पावसाचा खंड शेतकऱ्याच्या लाळेत मोजता येतो. आपल्याकडे हा खंड मंडळनिहाय पर्जन्यमापकात मोजतात आणि तिथेही नोंद चुकते, ती गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तेच शेतकरी, तसलीच कोडी. ऊस तुटण्यापूर्वी हातात पैसा नसताना ती कमी सुटली आणि पैसा आल्यावर जास्त सुटली. संशोधकांनी त्याचे सगळे खापर ताणावर फोडले नाही. पैशाच्या विवंचनेने डोक्यातली जागाच अडते, असे त्यांचे म्हणणे होते. पाण्याखालच्या ऊसवाल्याची ही गत, तर कोरडवाहू कापूसवाल्याचे काय, हे मी सांगायला नको. शेतकऱ्याला व्यवहार कळत नाही, तो लग्नात उधळतो, अशी व्याख्याने देणाऱ्यांना ही पाहणी वाचायला द्यावी.

आता एक प्रयोग, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जय वाइस या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1970 च्या आगेमागे उंदरांना विजेचे झटके दिले. दोन उंदरांना अगदी सारखे आणि एकाच वेळी. एकाला झटक्याआधी इशारा मिळे, दुसऱ्याला इशाऱ्याचा भरवसा नव्हता. झटके तेवढेच, पण बेभरवशाच्या उंदराच्या पोटात जखमा कितीतरी अधिक. दुसऱ्या खेपेला एका उंदराला चाक दिले. ते फिरवले की दोघांचाही झटका टळे. चाक ज्याच्या हातात होते त्याला जखमा कमी झाल्या.

हे वाचले तेव्हा मला आपला कापूस आठवला. 2012 च्या मार्चमध्ये घरात कापूस पडलेला असताना एका दिवसात निर्यातबंदी आली, आणि ओरड झाल्यावर आठवडाभरात मागे घेण्याची भाषा झाली. 2025 च्या ऑगस्टमध्ये पराटी शेतात उभी असताना कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले आणि पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. हमीभाव पेरणीच्या सुमारास जाहीर होतो हे खरे. पण खरेदी केंद्र कधी उघडेल आणि आपला माल घेतील की परत पाठवतील याचा इशारा कोणाला मिळतो? पाऊस बेभरवशाचा आहे, त्याला इलाज नाही. बाजार बेभरवशाचा ठेवणे हे माणसांचे काम आहे. तोटा तेवढाच असला तरी बेभरवशाचा तोटा शरीराला जास्त खातो. म्हणून भावाची मागणी ही माझ्या दृष्टीने आरोग्याचीही मागणी आहे, आणि ती मी डॉक्टर म्हणून या व्यासपीठावरून करतो.

पण कोणी असा अर्थ काढू नये, की भाव मिळेपर्यंत औषध घेऊ नका. बैठकीत काही तरुण कार्यकर्ते म्हणाले, आम्हाला समुपदेशन नको, भाव हवा. दोन्ही हवे. बैलाला जखम झाली तर मालकाशी भांडणही करतो आणि हळदही लावतो. रक्तदाब चढला असेल तर रोजची गोळी घ्या. उदासी मुरली असेल, पंधरा-पंधरा दिवस कशात जीव रमत नसेल, तर त्यावरही औषध आहे आणि ते लागू पडते. दारूबद्दल एकच सांगतो. ती झोप लावते आणि उत्तररात्री तीच झोप मोडते. तीनचा हिशोब अडीचला सुरू होतो.

दोन गोष्टींत फसू नका. काही गावांत बोगस डॉक्टर ‘ताकदीची सुई’ किंवा पुडीतली गोळी देतात आणि दुसऱ्याच दिवशी अंगदुखी जाते, भूक लागते. अशा पुडीत बरेचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन निघते. ही कॉर्टिसॉलचीच कारखान्यात केलेली भावंडे. योग्य रोगात ती जीव वाचवतात. पण महिनोन् महिने घेतली तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि बाहेरून आयता माल येतो म्हणून आपली ग्रंथी काम बंद करते. मग गोळी एकदम सोडली तर माणूस कोसळू शकतो. कोणी घेत असेल तर स्वतःहून बंद करू नका, सरकारी दवाखान्यात ती पुडी घेऊन जा.

दुसरी गोष्ट फवारणीची. यवतमाळकडे 2017 साली जे झाले ते सर्वांना माहीत आहे. फवारून आलेल्या माणसाला घाम फुटला, मळमळले, तर ‘घाबरला असेल’ म्हणून घरी निजवू नका. भीतीने तोंडाला कोरड पडते आणि बाहुल्या मोठ्या होतात. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचे विष चढले तर उलटे होते, तोंडाला लाळ सुटते आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. पण सगळीच औषधे तशी नसतात, तेव्हा बाहुल्या बघत वेळ घालवू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि दवाखाना गाठा.

शेवटी जे बोलणे सगळ्यांना अवघड जाते ते बोलतो. एखादा माणूस बोलेनासा झाला, देणी-घेणी आवरू लागला, ‘माझ्या मागे पोरांचे बघा’ म्हणू लागला, तर त्याला सरळ विचारा, जिवाचे बरेवाईट करायचे मनात येते का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणी तरी विचारले म्हणून ओझे हलके होते. त्या घरातले फवारणीचे औषध त्याच दिवशी भावकीतल्या दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. ती लाट बहुतेक वेळा ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत माणसाला एकटे सोडायचे नसते. रात्री-अपरात्री 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही. ही सोय 2022 पासून आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 ने असे धरून चालायचे ठरवले आहे, की जिवावर उठलेला माणूस तीव्र ताणाखाली होता. त्याला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देण्याचे कर्तव्य सरकारवर आहे. पोलीस पाटलाला आणि ठाणेदाराला हे कलम माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

मघाशी ज्यांची गोष्ट सांगितली ते गृहस्थ आज या मंडपात बसलेले आहेत. त्यांची परवानगी घेऊन बोललो. त्यांचे कर्ज फिटलेले नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि तीनला उठतात तेव्हा आता घरधनिणीला उठवून हिशोब सांगतात. ती म्हणते, माझी झोप मोडते ते परवडले.

मंडपाच्या मागे कडुलिंबाखाली मी रक्तदाबाचे यंत्र घेऊन बसणार आहे. जेवणाच्या सुटीत या, पण जेवायच्या आधी या, म्हणजे साखरही बघता येईल. बायकांची रांग पहिली राहील.